खोलीतून आलेली ओ

१

थोरली तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे ती जे काही करते त्याचं कोणाला नवल वाटायला नको. एका विमा कंपनीच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचं तिचं काम. दिवसभर लोक तिला सांगतात की आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बिघडलं. आणि दिवसभर ती त्यांना ऐकवते की कोणाचा तरी हात लागल्याशिवाय काही बिघडत नसतं. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की तिचा स्वतःचाच त्यावर पक्का विश्वास बसला होता.

संध्याकाळी घरी आली की तिचा क्रम ठरलेला. चपला काढायच्या, पर्स खुंटीला अडकवायची आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता हाक मारायची, "बाबा, चहा टाकू?" गॅलरीतलं शिलाई मशीन थांबायचं, "ओ, टाक" असं उत्तर यायचं आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं. बाबा एके काळी मोठ्या दुकानात पँटी शिवायचे. आता घरीच लोकांच्या कमरा सैल नि घट्ट करून द्यायचे. लोकांची पोटं काही एका जागी राहत नाहीत, त्यामुळे काम भरपूर होतं.

त्या दिवशीही तिने हाक मारली. "ओ, टाक," उत्तर आलं. फक्त ते धाकट्याच्या खोलीतून आलं.

बसले असतील तिथे जाऊन, असं म्हणून तिने चहा केला आणि दोन कप घेऊन खोलीत गेली. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, पडदा ओढलेला, कॉम्प्युटर बंद. कप धरून ती तशीच उभी राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की गॅलरीतलं मशीन मघापासून चालूच आहे. हाक मारली तेव्हाही ते थांबलं नव्हतं.

गॅलरीत बाबा गळ्यात टेप टाकून एका पँटवर वाकले होते. तिला बघून दचकले.

"कधी आलीस गं? हाक तरी मारायची."

"मारली की. तुम्ही ओ दिलीत."

"मी? छे. मला काहीच ऐकू आलं नाही."

वय झालं, दुसरं काय, असं थोरली मनात म्हणाली. चहा निवला होता, तो तिने परत गरम केला.

२

धाकट्याबद्दल सांगायला हवं. थोरलीचा एकुलता एक भाऊ. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की थोरलीनेच त्याला शाळेत सोडलं, आणलं, झोडपलं आणि जवळ घेतलं. गेल्या वर्षी तो मोटारसायकलवरून कामावर गेला तो परत आला नाही. त्यानंतर या घरात दोनच माणसं उरली.

धाकट्याला एका जुन्या खेळाचा नाद होता. कॉम्प्युटरवरचा खेळ, एका गावाचा. प्रत्येकाने त्यात एक माणूस व्हायचं, घर बांधायचं, बाजारहाट करायची, रानातून येणाऱ्या जनावरांपासून वेस राखायची. खेळ काढणाऱ्या कंपनीने तो केव्हाच बंद केला. ज्या यंत्रावर ते गाव वसलेलं होतं, म्हणजे त्यांचा सर्व्हर, तो एके दिवशी मिटला. पण हट्टीपणा या घरात सगळ्यांना सारखा वाटलेला. धाकट्याने आणि त्याच्या मित्रांनी ते गाव जसंच्या तसं परत वसवलं, याच खोलीत, टेबलाखालच्या एका काळ्या डब्यात. आपला स्वतःचा, खासगी सर्व्हर. चार मित्र आणि पाचवे बाबा. धाकटा लॅपटॉपवर बसायचा, बाबा टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. त्यांना वेशीवरचा दरवान केलं होतं आणि ते ती नोकरी दुकानातल्यापेक्षा मन लावून करायचे.

अडचण एकच होती. खेळ सुरू केला की तो जुन्या सवयीने कंपनीचंच दार शोधत जायचा. मालक दुकान गुंडाळून गेला, हे त्याला कोण सांगणार? त्यावरची तोड म्हणजे होस्ट्स फाइल. धाकट्याने ती बाबांना समजावली तेव्हा थोरली दारात उभी होती.

"बाबा, कॉम्प्युटरला नाव माहीत असतं, पण तिथे जायला त्याला आकडे लागतात. अमक्या नावाचं यंत्र कुठे आहे, असं तो बाहेर विचारतो. पण बाहेर पडण्याआधी घरात विचारतो. ही फाइल म्हणजे घर. इथे डावीकडे माझ्या डब्याचे आकडे लिहायचे आणि उजवीकडे खेळाचं नाव. घरच्यांनी सांगितलं की झालं, तो बाहेर विचारायला जातच नाही."

"इतका विश्वास?"

"डोळे मिटून."

"म्हणजे जे नाव इथे लिहू ते तुझ्याकडे येणार."

"थेट माझ्या दारात."

बाबांना ते फार आवडलं. घरच्यांच्या शब्दावर चालणारं यंत्र म्हणजे माणसातच जमा, असं ते नंतर कितीतरी दिवस सांगत होते. फाइल साधी उघडली तर जतन होत नाही, अधिकार देऊन उघडावी लागते, हेसुद्धा त्यांनी शिकून घेतलं.

धाकटा गेल्यावर थोरलीने तो काळा डबा स्वतःच्या हाताने बंद केला. आतली डिस्क काढून त्याच्या मित्राला दिली, ज्याला सगळे चष्मिष म्हणतात त्याला. रिकामा डबा भंगारात घातला. टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र बाबांनी हलवू दिला नाही. "असू दे, खायला मागतोय का तो?" म्हणाले. होस्ट्स फाइलमधली ती ओळही तशीच राहिली. ज्या पत्त्यावर आता काही नाही, त्याची ओळ असली काय नि नसली काय.

३

मग हे वरचेवर व्हायला लागलं. थोरलीने "बाबा" म्हणायचं आणि ओ खोलीतून यायची. बाबा मात्र गॅलरीत, नाहीतर न्हाणीघरात, नाहीतर तिच्या समोर बसलेले असायचे आणि त्यांना पत्ताच नसायचा. एकदा ते तिच्यासमोर शेंगा सोलत होते. ती म्हणाली, "बाबा, मीठ द्या जरा." त्यांनी मानही वर केली नाही. भिंतीपलीकडून त्यांच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "ओ, आलो."

बाबा शेंगा सोलत राहिले. थोरलीने हात लांब करून मीठ घेतलं आणि जेवण संपवलं. घास कसे गिळले ते तिचं तिला माहीत.

पण डोकं शाबूत असलेली बाई. आवाज भिंतीवर आपटून फिरत असेल. पाण्याच्या नळ्यांतून काहीही ऐकू येतं. शेजारी टीव्ही लावत असतील. आपण दमलो आहोत. एकेक कारण तिने घासून पुसून ठेवलं. शेवटी बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने यंत्र लावून बघितलं आणि म्हणाला, यांचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत.

ते खरंच होतं. शेजारच्या काकू जिन्यातून हळू आवाजात "भाऊ, पँट झाली का?" म्हणाल्या तरी बाबा उठून दार उघडायचे. गिऱ्हाईक "मास्तर" म्हणालं की लगेच ओ. आत्याने फोनवर "दादा" म्हटलं की तासभर गप्पा. फक्त थोरलीची हाक तेवढी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. कुठेतरी वळत होती.

वळत होती, हा शब्द तिच्या मनात आला आणि ती जागच्या जागी थबकली. कारण कचेरीत हाच शब्द ती रोज वापरत होती, एका यंत्राकडे निघालेला निरोप दुसऱ्याच यंत्राकडे पाठवला की.

४

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि भर दुपारी धाकट्याच्या खोलीत जाऊन बसली. बाबा गॅलरीत होते. कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर खेळाचं चित्र तसंच होतं, वेशीचं. सर्व्हर सापडत नाही असा निरोप येणार, तो बघायचा आणि स्वतःची समजूत घालायची, एवढाच तिचा बेत होता.

निरोप आला नाही. वेस उघडली.

समोर धाकट्याने बांधलेला चौक होता. फरशी, मधोमध एक बाक, झाडाची सावली. जुना खेळ, त्यामुळे कडा जिन्यासारख्या तुटक. चौकात कोणी नव्हतं. पण बाकाच्या टोकाला एक शिलाई मशीन ठेवलेलं होतं. त्या खेळात शिलाई मशीन नव्हतंच कधी.

थोरलीने आधी काय करावं? भिंतीतून येणारी नेटची वायर उपटली. चौक तसाच. एखाद्या पत्त्यावर यंत्र जागं आहे का, हे बघायला त्याला हाक मारून पाहायची एक सोय असते. तिने काळ्या डब्याच्या पत्त्याला हाक मारली. जो डबा तिने स्वतः भंगारवाल्याच्या गाडीत टाकला, ज्याची डिस्क दुसऱ्याच्या घरात पडली आहे, त्याने लगोलग उत्तर दिलं. पुन्हा दिलं. पुन्हा दिलं. समोरच बसल्यासारखं.

मग तिने होस्ट्स फाइल उघडली. धाकट्याची ओळ होती, आकडे आणि खेळाचं नाव. आणि तिच्याखाली दुसरी. तेच आकडे, आणि पुढे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं एकच नाव. बाबा.

"ते मीच लिहिलं," मागून आवाज आला. या वेळी बाबा खरोखर दारात उभे होते.

"कशाला?"

"तो म्हणाला होता ना, जे नाव लिहाल ते थेट माझ्या दारात. मग म्हटलं, आपलंच लिहून बघू."

"बाबा, ते यंत्रांसाठी असतं. माणसांना नाही लागत."

त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यातून, कपाटाच्या बाजूने, कोणीतरी हळूच "ओ" म्हणालं. कोपऱ्यात काही नव्हतं. थोरलीने तिकडे पाहिलं आणि मग मुद्दाम तिकडे पाठ करून बसली.

५

फाइलमध्ये एखाद्या ओळीच्या आधी जाळीची खूण टाकली, ती उभ्या-आडव्या रेघांची, की ती ओळ मुकी होते. कॉम्प्युटर तिच्याकडे बघत नाही. थोरलीने बाबांच्या डोळ्यांदेखत ती खूण टाकली आणि फाइल जतन केली. गॅलरीत जाऊन म्हणाली, "बाबा."

"काय गं?" खोलीच्या दारात उभे असलेले बाबा तिच्याकडे वळून स्वतःच्या तोंडाने म्हणाले.

तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. रात्रीचा स्वयंपाक तिने गाणं गुणगुणत केला.

तिने चष्मिषला फोन लावला. सगळं नाही सांगितलं, एवढंच विचारलं की ती डिस्क कुठे आहे.

"ड्रॉवरमध्ये. हातही लावलेला नाही, ताई. होत नाही लावायला." मग तो म्हणाला, "का? खेळायचंय की काय? मी तर ती फाइल कधी वापरलीच नाही. कंटाळा. सरळ आकडे ठोकायचो."

"चालायचं तसं?"

"न चालायला काय झालं? फाइल लिहिलेल्या नावालाच अडवते. दुसऱ्या वाटेने आलात तर तिला कळतही नाही. धाकटा चिडायचा माझ्यावर, म्हणायचा, तू मागच्या दाराने येणारा चोर आहेस."

दोघं थोडं हसली. हसून झाल्यावर चष्मिष म्हणाला, "काकांना सांभाळा, ताई." काका म्हणजे बाबा.

दोन-चार दिवस चांगले गेले. मग एका संध्याकाळी तिने चपला काढता काढता "बाबा" म्हटलं आणि ओ खोलीतून आली. गॅलरीत मशीन चालू होतं. आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की खोलीतही मशीन चालू आहे. दोन्हींचा ठेका एक होता. गॅलरीतलं थांबलं. खोलीतलं जरा वेळाने थांबलं.

६

थोरलीने फाइल उघडली. ओळीआधीची खूण गेलेली होती. आणि खाली नवीन ओळी होत्या. तेच आकडे आणि पुढे भाऊ. तेच आकडे आणि पुढे मास्तर. मग दादा. मग काका. बाबांना या जगात ज्या ज्या नावाने कोणी बोलावत होतं, ती सगळी नावं एकाखाली एक.

थोरलीने बाबांचं मनगट धरून त्यांना पडद्यासमोर आणलं. तोंडाने बोलावून उपयोग नव्हता.

"हे कोणी लिहिलं?"

बाबांनी चष्मा वर-खाली केला. "मी पहिलं लिहिलं. ती खूणही मीच काढली, खोटं कशाला बोलू? बाकीचं माझं नाही."

"मग कोणाचं?"

त्यांनी खांदे उडवले, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक लाजरं हसू होतं. थोरलीने त्यांच्यावर हात उचलला नाही, पण जीभ उचलली. जे वर्षभर गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"तो गेला म्हणून तुम्ही निघालात? आणि मी? मी काय या घरातली खुंटी आहे, पर्स अडकवायची? त्याला मी वाढवलं. मलाही तो हवा आहे. पण मी सकाळी उठते, कामाला जाते, परत येते. कोणासाठी येते? एक पोर गेलं, एक आहे. जे आहे तिच्याकडे बघा ना जरा."

बाबांनी टेप गळ्यातून काढून हाताभोवती गुंडाळायला सुरुवात केली. "तिथे मशीन मांडून ठेवलंय गं त्याने माझं," ते म्हणाले. "इतकं करून ठेवलंय. मी नाही गेलो तर त्याला काय वाटेल?"

"आणि तो धाकटा नसेल तर?"

"आवाज देतो ना."

"आवाज तुमचा आहे. त्याचा नाही. त्याचा एकदा तरी ऐकलात का?"

बाबांनी हाताभोवती गुंडाळलेली टेप पुन्हा सोडली. मग सगळ्या जगाने अन्याय केल्यासारखे म्हणाले, "तू नेहमीच आडवी येतेस."

"येणार," थोरली म्हणाली. "आडवीच येणार."

तिने पुढचा विचार केला नाही. कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या, डबा उचलला, जिने उतरली आणि भंगारवाल्याच्या गाडीवर नेऊन ठेवला. त्याच्याकडून पैसेही घेतले नाहीत. बाबा गॅलरीतून बघत होते. खाली उभ्या असलेल्या काकूंनी सहज वर बघून हात हलवला, "भाऊ, बरे आहात ना?"

बाबा शून्यात बघत उभे राहिले. वरून, बंद खिडकीच्या आतून, खोलीतून, आवाज आला, "बरा आहे की."

काकू हसून निघून गेल्या. त्यांना काही वेगळं वाटलं नाही, आवाज भाऊंचाच होता. फाइल आता भंगाराच्या गाडीत होती, पण घराने ती पाठ केलेली होती.

७

त्यानंतर बाबा विरत गेले, याहून दुसरा शब्द मला सुचत नाही. ताट तसंच राहायचं. अर्धवट शिवलेल्या पँटी मशीनवर लोंबत राहायच्या. गिऱ्हाईक दारात येऊन मास्तर, मास्तर करायचं, आतून ओ ऐकू यायची आणि कोणी बाहेर यायचं नाही. थोरली त्यांना दंड धरून उठवायची, दंड धरून जेवायला बसवायची. दंड धरला की ते असायचे. सोडला की नजर खोलीकडे. खोलीला तिने बाहेरून कडी घातली होती.

सुटीच्या दिवशी दुपारी ती भाजी घेऊन आली. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. घर शांत होतं. गॅलरीत खुर्ची रिकामी, मशीनचं चाक मात्र हळूहळू फिरत थांबत होतं, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखं. न्हाणीघरात नाही. स्वयंपाकघरात नाही. बाबांच्या चपला दाराशी होत्या.

"बाबा."

"ओ."

खोलीची कडी काढलेली होती.

थोरलीने भाजीची पिशवी खाली ठेवली. दार बोटभर उघडं होतं आणि त्या फटीतून उजेड पडला होता. खोलीतला पडदा ओढलेला, दिवा काढून टाकलेला, तरी उजेड. सपाट, एकाच रंगाचा, भर दुपारचा. त्या उजेडाला कडा होत्या आणि त्या तुटक होत्या. फटीतून फरशी दिसत होती, पण या घराची फरशी नव्हे. तिच्यावर झाडाची सावली होती आणि ती हलत नव्हती.

एक बाक. बाकावर पाठमोरी दोन माणसं. एकाच्या गळ्यात टेप. दुसरं त्याच्याकडे झुकलेलं, सांगत असल्यासारखं. खांदे धाकट्याचे होते. खरंच होते. शाळेतून आणताना दप्तराने एक खांदा खाली यायचा, तो तसा.

थोरलीच्या घशाशी त्याचं नाव आलं. ते तिने परत गिळलं. कारण त्याच क्षणी ते दुसरं माणूस तिच्याकडे वळायला लागलं होतं, सावकाश, आणि वळणाऱ्या मानेवर पुढे काय येणार ते तिला बघायचं नव्हतं. धाकटा असला तरी नाही. नसला तरी नाही.

टेपवालं माणूस उठून उभं राहिलं. चौकाच्या पलीकडे एक दार होतं आणि ते त्याच्यासाठी उघडं होतं.

बाबा म्हणावं तर ओ त्याच बाजूने येणार. भाऊ, मास्तर, दादा, काका, सगळ्या वाटा तिकडेच नेलेल्या. फाइल लिहिलेल्या नावालाच अडवते, असं चष्मिष म्हणाला होता. पण जे नाव या घरात कधी कोणी तोंडातून काढलंच नाही, ते कोण कुठून लिहिणार? त्यांना त्या नावाने हाक मारणारी माणसं केव्हाच संपली होती. आईने ते कधी उच्चारलं नाही. मुलांची तर काय बिशाद. धाकट्याने लहानपणी एकदा गंमत म्हणून घेतलं असतं तर थोरलीनेच त्याचं थोबाड फोडलं असतं.

तिने दारावर हात आपटला आणि बापाला नावाने हाक मारली. त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव, नुसतं, पुढे जी नाही, मागे राव नाही. एकेरीत.

"ये इकडे," ती ओरडली. "आत्ताच्या आत्ता ये. तुझी पोरगी बोलावतेय."

पुन्हा नाव घेतलं. आणि पुन्हा. आवाज फाटला तरी घेत राहिली. खाली जिन्यात कोणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला.

फटीतला उजेड गेला.

८

"लाज नाही वाटत?"

आवाज मागून आला, गॅलरीतून. बाबा खुर्चीत बसले होते, मघाशी रिकाम्या असलेल्या. चेहरा रागाने लाल. "बापाला नावाने हाक मारतेस? आणि तीही अरे-तुरेत? सगळी इमारत ऐकतेय."

"ऐकू दे," थोरली म्हणाली आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसली. त्यांचे पाय बर्फासारखे गार होते. तिने ते दोन्ही हातांनी चोळले. बाबांचा राग जरा वेळच टिकला.

"तो तिथे एकटा आहे गं," ते म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मीही इथे एकटीच होते."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघंही मनसोक्त रडली. वर्षभर जे एकमेकांपासून लपवून रडली होती ते एकत्र रडून झालं.

तेव्हापासून ती त्यांना नावानेच हाक मारते. आत्या कळल्यावर फोनवर फोन करून भांडली, तुझ्या आईचे संस्कार कुठे गेले म्हणाली. थोरलीने आत्यालाही तेच नाव घ्यायला लावलं. काकू घेतात, जरा चाचरत. गिऱ्हाइकं आधी हसली, मग सरावली. बाबा अजून कुरकुरतात, पण उठून येतात, जेवतात, पँटींच्या कमरा सैल करतात. कोणी थोरलीला विचारलं, हे काय नवीन खूळ, तर ती म्हणते, आमच्या घरची पद्धत आहे. पटत नसेल तर येऊ नका.

एकच शब्द तिचा गेला. अजून कधी कधी चपला काढताना तो जिभेवर येतो, आणि ती दातांखाली दाबून धरते. कारण खोलीतली ओ गेलेली नाही. रस्त्यावरून एखादं पोर आपल्या बापाला बाबा म्हणून ओरडत गेलं, तरी बंद दारामागून हळूच उत्तर येतं.

परवा ती त्या दाराशी जाऊन उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून, कचेरीत कोणाला फैलावर घ्यायचं असलं की उभी राहते तशी.

"ऐक," ती म्हणाली. "बाबा हा शब्द तू घेतलास. ठेव. धाकटा असशील तर तो तुझाही होता, तुझा वाटा समज. आणि धाकटा नसशील तर माझा उष्टा शब्द आहे, बस चघळत. आता तू हेही नाव घेशील, मला माहीत आहे. घे. मी दुसरं ठेवीन. तेही घेतलंस तर तिसरं. नावं संपली तर त्यांना शिव्या घालून बोलावीन, शिट्टी मारीन, ताट बडवीन. नावं संपतील, मी संपणार नाही. माणूस मिळणार नाही तुला."

दारामागे शांतता होती. तिथे कोणीतरी श्वास रोखून ऐकत होतं, एवढं नक्की. मग, अगदी दाराला लागून, बाबांच्या आवाजात, कोणीतरी तिचं म्हणणं पटल्यासारखं म्हणालं, "ओ."

थोरली वळली. गॅलरीच्या दिशेने तोंड करून तिने बापाचं नाव घेतलं, खणखणीत आवाजात.

गॅलरीतलं मशीन थांबलं. तेवढ्या क्षणात तिने श्वास घेतला नाही.

"अगं, ओरडतेस कशाला," बाबा म्हणाले. "इथेच आहे मी."